रूटचा आरसा केला, रीबूट केलं, पण सर्व्हर अजून जुन्याच डिस्कवरून चालतोय

ग्रंथपाल_वाई | बुधवार, रात्री १०.२०

नमस्कार. वाईजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं, लिनक्स गेल्या सहा वर्षांत गरजेपोटी शिकले. आमचा कोहाचा (वाचनालयाचं काम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर मीच बसवला आणि मीच सांभाळते. साधं टॉवर मशीन आहे, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स आणि मारियाडीबी हा डेटाबेस. आत ४८० जीबीची एकच साटा एसएसडी.

एप्रिलमध्ये देवघेवीच्या टेबलावरच्या पीसीची डिस्क अचानक गेली. त्यावर काही नव्हतं म्हणून निभावलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ३१ हजार पुस्तकांची यादी आम्ही तिघींनी जुन्या दाखल नोंदवह्यांवरून चार वर्षं बसून भरली आहे. काही नोंदवह्यांची पानं आता हात लावला की तुटतात. पुन्हा भरायची वेळ आली तर भरायला त्या नोंदवह्याच शिल्लक राहणार नाहीत. कार्यकारी मंडळापुढे विषय मांडला आणि दुसरी ४८० जीबीची डिस्क मंजूर करून घेतली. मुद्दाम वेगळ्या कंपनीची घेतली.

सोमवारी आमची सुट्टी असते, तेव्हा कामाला बसले. नव्याने इन्स्टॉल करायचं नव्हतं, चालू सिस्टिमच आरशावर न्यायची होती, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा. जुनी डिस्क एसडीए, नवी एसडीबी. एसजीडिस्कने पार्टिशन टेबल जुन्यावरून नव्यावर उतरवलं आणि नव्या डिस्कचे ओळखक्रमांक बदलून घेतले. मग एमडीएडीएम या साधनाने रेड १, म्हणजेच आरसा, बनवताना पहिल्या डिस्कच्या जागी ‘मिसिंग’ लिहून फक्त एसडीबी२ (नव्या डिस्कचा दुसरा भाग) दिली. एमडी० (ॲरे, म्हणजे डिस्कचा संच) तयार झालं, त्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम घातली, मारियाडीबी आणि अपाचे बंद करून आरसिंकने सगळं रूट (सिस्टिमचं मूळ फोल्डर) त्यावर कॉपी केलं. नव्या रूटमध्ये सीएच-रूट करून (त्यालाच मूळ मानून आत जाऊन) एफस्टॅबमध्ये, म्हणजे काय कुठे माउंट करायचं त्या यादीत, नवा यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळखक्रमांक) टाकला, एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये ॲरेची ओळ टाकली, इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीची छोटी सिस्टिम) नव्याने बनवलं आणि ग्रब या बूटलोडरसाठी अपडेट-ग्रब चालवलं. कुठेही एरर नाही.

रीबूट केलं. मशीन व्यवस्थित चालू झालं. मंगळवारी वाचनालय उघडलं, काम सुरू झालं.

आज रात्री पुढची पायरी करायला बसले, ती म्हणजे जुनी एसडीए२ ॲरेमध्ये जोडणं. सहज आधी डीएफ (कुठे काय माउंट आहे ते दाखवणारी कमांड) पाहिलं, तर रूट म्हणून एसडीए२ दिसतेय! ॲरेची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये एमडी० आहे, रेड १, दोनपैकी एक डिस्क, कंसात आधी अधोरेखा (रिकामी जागा) आणि मग यू (चालू डिस्क). पण ते कुठेच माउंट नाही.

एसडीए२ जोडली की सगळं जागेवर येईल का? मी वाचलेल्या मार्गदर्शनात कॉपीनंतर लगेच तीच पायरी आहे. कमांड टाइप करून ठेवली आहे, एंटर दाबलेलं नाही.

---

जुना_टर्मिनल | बुधवार, रात्री १०.४१

ताई, एंटर दाबू नका. ती ओळ पुसून टाका आणि मगच पुढचं वाचा.

ॲरेमध्ये नवा भाग जोडला की त्यावर काय आहे हे एमडी (कर्नलमधला रेडचा भाग) पाहत नाही. ॲरेत आधीपासून असलेली डिस्क खरी मानायची आणि जोडलेल्या डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत तिची प्रत उतरवायची, एवढंच त्याला ठाऊक. तुमच्या ॲरेत एसडीबी२ आहे आणि तिच्यावर सोमवारची स्थिती आहे. मंगळवार-बुधवारची देवघेव फक्त एसडीए२ वर आहे. एसडीए२ माउंट असताना एमडीएडीएम बहुधा ‘डिव्हाइस वापरात आहे’ म्हणून नकार देईल. पण लोक मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या सिस्टिमवरून) बूट करून हट्टाने तीच कमांड देतात. तसं केलं असतं तर दोन दिवसांचं काम पुसलं गेलं असतं आणि दोन्ही डिस्क हिरव्यागार दिसल्या असत्या.

आता सर्व्हर जुन्याच डिस्कवर का गेला ते पाहू. मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरवर आहे ना? असेल तर मला जे वाटतंय ते असं. ग्रबची मोठी कॉन्फिग फाइल बूट फोल्डरमध्ये असते. तुम्ही सीएच-रूटमधून अपडेट-ग्रब चालवलं तेव्हा ती एमडी० वर लिहिली गेली आणि ती बरोबरच असणार. पण फर्मवेअर (मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर) आधी ईएफआय पार्टिशनवर जातं. तिथे डेबियनच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची एक चिमुकली फाइल असते, जेमतेम तीन ओळींची. ‘अमुक यूयूआयडीची फाइल सिस्टिम शोध आणि पुढची कॉन्फिग तिथून वाच’ एवढंच ती सांगते. अपडेट-ग्रब या फाइलला हात लावत नाही, ती ग्रब-इन्स्टॉल लिहितं. तुमच्या यादीत ग्रब-इन्स्टॉल कुठेच नाही.

ती फाइल उघडा, ‘सर्च’ने सुरू होणाऱ्या ओळीतला यूयूआयडी पाहा आणि बीएलकेआयडी कमांड दाखवते त्याच्याशी ताडून सांगा.

---

ग्रंथपाल_वाई | बुधवार, रात्री ११.०५

हो, यूईएफआय आहे. फाइल सापडली. त्यातला यूयूआयडी एसडीए२ चाच आहे.

दोन दिवसांत १८६ पुस्तकांची देवघेव झाली आणि ७ नवे सभासद झाले. कोणाकडे कोणतं पुस्तक आहे याची नोंद दुसरीकडे कुठेच नाही, कागदी कार्डं आम्ही २०२१ मध्येच बंद केली. तुम्ही वीस मिनिटांत उत्तर दिलंत याचे आभार कसे मानू कळत नाही.

आता पुढे काय करू? येत्या सोमवारपर्यंत हे असंच ठेवलं तर चालेल का?

---

जुना_टर्मिनल | बुधवार, रात्री ११.५०

चालेल. आत्ता तुमचा सर्व्हर पूर्वीसारखाच एका डिस्कवर आहे, बिघडलेलं काही नाही. घाईत रात्री काही करू नका. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सर्व्हर खोलीत १७ वर्षं काढली. डेटा गेल्याच्या ज्या घटना पाहिल्या त्यांतल्या बहुतेक डिस्क मेल्यामुळे झाल्या नव्हत्या. रात्री अकरानंतर कुणीतरी चुकीच्या डिस्कवर बरोबर कमांड दिली होती.

सोमवारसाठी सांगतो. आधी कोहाचा ताजा डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) काढा, पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह मशीनपासून दूर ठेवा. मग डेबियनच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा. चालू सिस्टिममधून कॉपी केली तर काहीतरी बदलत राहतंच. लाइव्हमध्ये जुनं रूट फक्त वाचण्यापुरतं माउंट करायचं, म्हणजे हात चुकला तरी त्यावर काही लिहिलं जाणार नाही. तिथे ॲरे एमडी० ऐवजी एमडी१२७ नावाने दिसली तर गोंधळू नका. त्या सिस्टिमला तुमची कॉन्फिग माहीत नसते म्हणून ती स्वतःचं नाव देते. यूयूआयडी तोच असतो.

गेल्या सोमवारी नव्या रूटमध्ये बदललेल्या एफस्टॅबची आणि एमडीएडीएमच्या कॉन्फिगची प्रत बाजूला काढून ठेवा, नाहीतर नवी कॉपी त्यांच्यावर जुन्या फाइल लिहील. मग आरसिंक पुन्हा चालवा. हार्डलिंक, एसीएल आणि एक्सटेंडेड ॲट्रिब्यूट जपणारे पर्याय द्या, मालकी नावांऐवजी आकड्यांनी जपा आणि ‘डिलीट’ही द्या. डिलीट राहिलं तर मारियाडीबीच्या फोल्डरमध्ये गेल्या सोमवारच्या जुन्या लॉग फाइल नव्यांच्या शेजारी पडून राहतील आणि डेटाबेस अडखळू शकेल. स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणतं हे मोठ्याने वाचून मगच एंटर. मी आजही वाचतो.

त्यानंतर बाजूला ठेवलेल्या दोन्ही फाइल जागी ठेवा, जुनीच ईएफआय पार्टिशन बूट-ईएफआय फोल्डरवर माउंट करा, देव, प्रोक, सिस, रन आणि ईएफआयव्हार्स हे सिस्टिमचे फोल्डर आत जोडून (बाइंड करून) सीएच-रूट करा. इनिटरामएफएस सगळ्या कर्नलसाठी बनवा. मग ग्रब-इन्स्टॉल, त्यानंतर अपडेट-ग्रब. रीबूट करण्याआधी ती तीन ओळींची फाइल पुन्हा उघडून यूयूआयडी पाहा.

रीबूट झाल्यावर डीएफमध्ये रूट म्हणून एमडी० दिसलं पाहिजे, आणि कोहामध्ये बुधवारी झालेला एखादा नवा सभासद सापडला पाहिजे. दोन्ही झालं तरच एसडीए२ जोडा. सिंकची कमाल गती कर्नलमध्ये मुळात सेकंदाला दोन लाख केबी धरलेली असते, त्या हिशेबाने तुमच्या डिस्कला साधारण पाऊण तास लागेल. तेवढा वेळ मशीन वापरता येतं.

आता एसडीबीच्या ईएफआय पार्टिशनबद्दल, कारण इथे बहुतेकांचं काम अर्धवट राहतं. एसजीडिस्कने टेबल उतरवलं म्हणजे एसडीबी१ ची जागा तयार आहे, पण आत काहीच नाही. फर्मवेअरला फॅट ही साधी फाइल सिस्टिम कळते, एमडी कळत नाही. ईएफआयचाही आरसा करायची एक युक्ती आहे. मेटाडेटा १.० निवडला की ॲरेची माहिती पार्टिशनच्या शेवटी जाते आणि फर्मवेअरला ती साधी फॅटच दिसते. पण फर्मवेअरने स्वतः एका डिस्कवर काही लिहिलं तर दोन प्रतींमध्ये फरक पडतो आणि एमडीला त्याचा पत्ता नसतो. मला ती पद्धत पटत नाही. एसडीबी१ ला वेगळी फॅट घाला, दुसऱ्या फोल्डरवर माउंट करा, पहिल्या ईएफआयमधलं सगळं तिथे कॉपी करा आणि ईएफआयबूटएमजीआरने फर्मवेअरमध्ये दुसरी नोंद घाला, ‘डेबियन-२’ अशा वेगळ्या नावाने. दुसऱ्या डिस्कसाठी ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवू नका. ते त्याच नावाची आधीची नोंद काढून स्वतःची घालतं, म्हणजे पुन्हा एकच नोंद उरते.

ग्रब अपडेट झाल्यावर दुसरी प्रत जुनी पडू नये म्हणून ग्रब-डी फोल्डरमध्ये शेवटचा क्रमांक देऊन कॉपी करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. मात्र त्या स्क्रिप्टने पडद्यावर काहीही छापता कामा नये, कारण तिथल्या स्क्रिप्ट जे छापतात ते थेट ग्रबच्या कॉन्फिगमध्ये जातं.

स्वॅप (डिस्कवर ठेवलेली जास्तीची मेमरी) एसडीए३ वर असेल तर तीही हलवा. चालू मशीनमध्ये स्वॅपची डिस्क गेली तर तिथे गेलेली मेमरी गेली, आणि रूट शाबूत असूनही प्रोग्राम कोसळतात. सोपं म्हणजे एमडी० वरच स्वॅप फाइल करा.

आणि दोन्ही डिस्क आळीपाळीने काढून मशीन चालू होतं का हे पाहिल्याशिवाय झालं म्हणू नका.

---

कृष्णाकाठ_सांगली | गुरुवार, सकाळी ७.३०

वरचं सगळं बरोबर आहे, त्यात एक जोडतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. सर्व्हरमध्ये दोन डिस्कचा आरसा होता, अगदी नीट केलेला, दर महिन्याला तपासलेला. दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच टेबलाखाली, तीन दिवस एकाच पाण्यात होत्या. आम्हाला वाचवलं ते अकाउंटंट बाईंनी मिरजेला घरी नेलेल्या एका हार्ड डिस्कने. त्यावर जुलैअखेरपर्यंतचा डेटा होता. ऑगस्टचे दिवस आम्ही ग्राहकांना फोन करकरून पुन्हा लिहिले.

कोहाचं रोजचं बॅकअप व्हार-स्पूल-कोहामध्ये पडतं, म्हणजे त्याच रूटवर, आता त्याच आरशावर. डिस्क मेली तर आरसा वाचवेल. कोणी चुकून पाचशे नोंदी डिलीट केल्या तर आरसा त्या दोन्हीकडून, तितक्याच प्रामाणिकपणे, त्याच क्षणी डिलीट करेल. तो डंप रोज रात्री दुसऱ्या इमारतीत गेला पाहिजे. ३१ हजार पुस्तकांच्या यादीचा दाबलेला डंप फार मोठा नसतो, साध्या ब्रॉडबँडवर सहज जातो. ताई, तुमची चार वर्षांची मेहनत आहे, एवढं नक्की करा.

---

ग्रंथपाल_वाई | सोमवार, संध्याकाळी ६.१५

सकाळी नऊला बसले. सोबत आमची सहकारी होती, ती कागदावर प्रत्येक कमांड आणि वेळ लिहीत होती. स्रोत-लक्ष्य मोठ्याने वाचलं, दोघींनी.

लाइव्हमध्ये खरंच एमडी१२७ आलं. आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच थांबले असते. आरसिंकला दुसऱ्या वेळी जेमतेम चार मिनिटं लागली, कारण बदललेलंच तेवढं गेलं. ग्रब-इन्स्टॉलनंतर तीन ओळींच्या फाइलमध्ये नवा यूयूआयडी आला. रीबूट, डीएफमध्ये एमडी०. कोहामध्ये बुधवारी सभासद झालेल्या सातवीतल्या मुलीचं नाव शोधलं, सापडलं. मग एसडीए२ जोडली. ४१ मिनिटांनी एमडीस्टॅटमध्ये दोन यू शेजारी शेजारी दिसले.

मग मशीन बंद करून एसडीए काढली आणि चालू केलं. ‘डेबियन-२’ वरून ग्रब आलं, कर्नल सुरू झाला, पण मग पडद्यावर एक काम दीड मिनिट थांबून राहिलं आणि शेवटी इमर्जन्सी मोड आला, रूटचा पासवर्ड मागत. आत गेले तर एमडी० एका डिस्कवर छान माउंट आहे. मग अडलं कुठे? आता एसडीए परत लावून ठेवू, की एसडीबी काढून एसडीए एकटीवर चालतंय का ते आधी पाहू?

---

जुना_टर्मिनल | सोमवार, संध्याकाळी ६.३२

पहिल्या भागातली चूक माझी आहे, सांगायचं राहिलं. एफस्टॅबमध्ये बूट-ईएफआयची ओळ एसडीए१ च्या यूयूआयडीची आहे. ती डिस्क बाहेर आहे, सिस्टमडी (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) ९० सेकंद तिची वाट पाहतं आणि मिळाली नाही की सगळं थांबवतं. दोन्ही ईएफआयच्या ओळींत ‘नोफेल’ घाला, म्हणजे डिस्क नसली तरी बूट थांबणार नाही. इमर्जन्सी मोडमध्येच एफस्टॅब संपादित करा आणि रीबूट करा.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र स्पष्ट सांगतो. आत्ता एसडीए एकटीवर मशीन अजिबात चालू करू नका. एसडीबीवर बूट झालं, तिच्यावर लिहिलं गेलं, ती आता पुढे आहे. याच स्थितीत एसडीए एकटी चालवली तर तीही स्वतःच्या वाटेने पुढे जाईल. मग दोन अर्धे आणि दोघांचाही इतिहास वेगळा. त्यातला खरा कोणता हे तुम्हालाच ठरवावं लागेल. आधी एसडीए परत लावा, ॲरेत परत घ्या, दोन यू दिसेपर्यंत थांबा, आणि मगच एसडीबी काढून तपासा.

परत घेताना ‘री-ॲड’ वापरा. १०० जीबीपेक्षा मोठी ॲरे बनवताना एमडीएडीएम स्वतःहून बिटमॅप ठेवतं, म्हणजे कोणत्या भागांत बदल झाला याची खूण असते. फक्त तेवढंच सिंक होईल. तुमच्याकडे वीज जाते तेव्हाही हाच बिटमॅप कामाला येईल.

---

ग्रंथपाल_वाई | सोमवार, रात्री ९.४०

नोफेल घातलं. एसडीबी एकटीवर मशीन कोहापर्यंत पोहोचलं. नेहमीपेक्षा थोडं जास्त थांबलं, पण पोहोचलं. बंद केलं, एसडीए लावली, री-ॲड. सहा सेकंदांत दोन यू. पाऊण तास धरून चहा टाकला होता, तो उतू गेला.

मग एसडीबी काढून तसंच सगळं उलट बाजूने. तेही चाललं. पुन्हा री-ॲड, पुन्हा दोन यू.

स्वॅप फाइल झाली. डिस्क गेली तर मेल यावा म्हणून एमडीएडीएमच्या कॉन्फिगमध्ये वाचनालयाचा पत्ता टाकला, मेल बाहेर जाण्यासाठी एमएसएमटीपी बसवलं आणि एमडीएडीएमच्या मॉनिटरचा टेस्ट पर्याय चालवून मेल खरंच येतो हे पाहिलं. दोन्ही डिस्कवर मार्करने ‘ए’ आणि ‘बी’ लिहून सिरीयल नंबरची चिठ्ठी डब्याच्या आत चिकटवली, म्हणजे माझ्या गैरहजेरीत कोणी चुकीची डिस्क काढणार नाही.

कृष्णाकाठ दादा, आजचा डंप माझ्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर आला आहे. उद्यापासून रोज रात्री एक वाजता आपोआप येईल. मी त्यातून लॅपटॉपवर रिकाम्या कोहात डेटा परत भरूनही पाहिला. दाखल क्रमांक १ उघडला, सगळी माहिती जशीच्या तशी आहे.

---

कृष्णाकाठ_सांगली | सोमवार, रात्री १०.०२

परत भरून पाहिलंत, हे सगळ्यात महत्त्वाचं. लॅपटॉप तळमजल्यावर नाही ना?

---

ग्रंथपाल_वाई | सोमवार, रात्री १०.०५

दुसऱ्या मजल्यावर, माळ्याखालच्या कपाटात.